चौथी चिठ्ठी

लिकियन ही भाषा आता जगात कुणी बोलत नाही. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर डोंगरांत कोरलेली थडगी आहेत, त्यांच्या दारांवर ती लिहिलेली आहे. थोडी नाण्यांवर आहे, काही मोठ्या शिळांवर आहे आणि तेवढीच. नागपूरच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने या भाषेच्या मागे लागावं, याला स्टाफरूममध्ये वेड म्हणत. मी भांडखोर. मी म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा पगार मला मिळतो, उरलेल्या वेळात मी काय करते ते विचारू नका.

थडग्यांवरचा मजकूर बहुतेक एकसारखा असतो. हे थडगं अमक्याने बांधलं, स्वतःसाठी, बायकोसाठी, मुलांसाठी. दुसऱ्या कुणाला इथे ठेवाल तर देव तुम्हाला बघून घेतील. घरातल्या माणसांची यादी आणि बाहेरच्यांना ताकीद, एवढंच. मरणानंतरही माणसाला आपलं कोण आणि परकं कोण याची किती काळजी असते, ते बघून मला आधी हसू यायचं.

या मजकुरात एक शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही आणि माझ्याच्याने तो आता लिहवत नाही. माझ्या पाहण्यात तो फक्त चार ठिकाणी आला. शब्द धर्मातला आहे याबद्दल वाद नाही, कारण जवळपास देवाचं नाव असतं, एका ठिकाणी बैलाचा बळी आहे. कुणी म्हणे तो पुजारणीसाठी आहे, कुणी म्हणे तो एका प्रकारच्या नैवेद्याचं नाव आहे. मी ठरवलं की तो देवाला वाहिलेल्या मुलीसाठी आहे. खरी गंमत पुढे होती. तीन दगडांवर आधी घरातल्यांची यादी येते, मग हा शब्द येतो आणि लगेच ताकीद सुरू होते. म्हणजे ती मुलगी उंबरठ्यावर उभी. तिला घरच्यांच्या शेजारी जागा आहे की ताकीद तिलाही आहे, हे कळत नाही. या एका प्रश्नावर मी बारा वर्षं घालवली.

या बारा वर्षांत माझं ऐकणारं एकच माणूस होतं, माझी मोठी बहीण. आमच्याकडे सगळ्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती मला लहानी म्हणायची, मी साठीची झाले तरी.

आम्ही विणकरांच्या घरातल्या. बाईला चौथीतून काढून मागावर बसवली आणि सतराव्या वर्षी उमरेडला दिली. दोन वर्षांत ती परत आली. तिकडे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. पाठीवर एक डाग होता, त्याबद्दल विचारलं की म्हणायची, चुलीजवळ भाजलं. नवऱ्याने दुसरी केली, कोर्टकचेरी कुणी केली नाही, आणि बाई पुन्हा त्याच मागावर येऊन बसली. तिच्या साड्यांवर मी शिकले. माग बंद पडले तेव्हा तिने साड्यांना फॉल लावायला घेतले, पिकोचं मशीन घेतलं, आणि मी पीएच.डी. केली. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मीच होऊ दिलं नाही. धाकट्या भावाचं झालं, तो दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला. आईबाबा गेल्यावर घरात आम्ही दोघी उरलो.

लहानपणी ती मला मागाशेजारी बसवायची. ताण्यातला धागा तुटला की मी तो धरून ओढायला जायचे आणि ती माझ्या बोटांवर टपली मारायची. "ओढू नोको वं. तुटल्या धाग्याले ओढाचं नाई. बाजूचे धागे पाहाचे. जिथी जागा खाली दिसते तिथीच तो बसते." पुढे मी अनोळखी शब्दाचा अर्थ काढायला शिकले तो याच रीतीने. शब्दाला ओढायचं नाही, त्याच्या आजूबाजूला काय आहे ते सगळं समोर मांडून बघायचं. मी ही रीत वर्गात माझी म्हणून सांगायचे. ती कुणाकडून घेतली ते एकदाही सांगितलं नाही.

सगळं समोर मांडायचं म्हणून मी चार चिठ्ठ्या केल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चारही दगडांचा मजकूर उतरवला आणि स्वयंपाकघरात सुतळी बांधून तिला चिमट्यांनी लावला. बाई फॉल लावता लावता त्यांच्याकडे बघायची. तिने त्यांना नावं ठेवली होती. बैलवाली, बायकोवाली, शापाची आणि फुटकी. चौथीवर दोन्ही बाजूंची अक्षरं झिजून गेली होती, फक्त आमचा शब्द शाबूत होता, म्हणून फुटकी. महिन्या-दोन महिन्यांनी ती विचारायची, "मंग लहाने, त्या पोरीले जागा भेटली का?" मी म्हणायचे, अजून नाही. ती म्हणायची, "पाह्य बापा, लवकर पाह्य. बिचारी दारात उभी हाय." मला वाटायचं, ती माझी गंमत करते.

चौथ्या दगडाची एक भानगड होती. पहिले तीन मजकूर थडग्याच्या दारावर कोरलेले आहेत. चौथा आतमध्ये आहे. आत तीन बाजूंना दगडाचे ओटे आहेत, मृतांना निजवायचे, आणि त्यातल्या एका ओट्याच्या वर तो शब्द कोरलेला आहे. फोटोत ते स्पष्ट दिसतं. आता ओट्याच्या वर शब्द कोरला असेल तर त्या ओट्यावर कुणीतरी निजवलेलं असणार, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही.

पण तोवर माझा सिद्धांत तयार झाला होता. देवाला दिलेली मुलगी एकदा दिली ती दिली. ती कुठल्याच घरची राहत नाही, म्हणून तिला घराच्या थडग्यात जागा नाही, म्हणून ती ताकिदीच्या बाजूला. तीन दगडांवर हे सुरेख बसत होतं. परदेशातल्या एका जाणकाराला मी तसं कळवलं, त्याचं कौतुकाचं उत्तर आलं, एका मासिकाने लेख मागवला. चौथा दगड आड येत होता. मी लेखात खाली बारीक टीप टाकली की हा मजकूर खंडित असल्याने विचारात घेतलेला नाही, आणि एका सकाळी चौथी चिठ्ठी सुतळीवरून काढून कपाटाच्या खणात टाकली. बाई त्या वेळी बाजारात गेली होती. कुणी बघत नाही ना, असं वाटण्याजोगं मी काही करत होते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाईला अन्न जाईनासं झालं. ती कितीतरी महिने लपवत होती. धंतोलीतल्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढला, तुकडा तपासायला गेला, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. व्हरांड्यात खेड्यापाड्यांतून आलेली माणसं डबे उघडून जेवत बसली होती. मी त्यांच्यामधून वाट काढत परत आले आणि बाईला म्हणाले, अल्सर आहे. खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, हे तिला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तिने विषय काढला.

"लहाने, एक काम करजो. मी गेल्यावर अक्षय तीजेले माह्या नावाची बी एक घागर भराले सांगजो भावाले. मायच्या बाजूले ठेव म्हणा. अजून काई नाई मांगत."

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागरी भरतात. मातीच्या नव्या घागरी, एकेका नावाची एकेक, पत्रावळीवर ओळीने मांडलेल्या. घरातला पुरुष नाव घेऊन पाणी ओततो, मग पुरणपोळी, चिंचवणी, कुरडया असं ताट दाखवतात. त्या घागरी कुंभाराकडून आणून आधी दोन दिवस टाक्यात बुडवून ठेवण्याचं काम दरवर्षी बाईचं. भावाच्या घरच्या घागरी तीच भिजवून न्यायची. चाळीस वर्षं तिने सगळ्यांच्या घागरी भिजवल्या.

मी म्हणाले, "तूच सांग ना त्याला."

"मी कोनत्या तोंडानं सांगू? मले तं देल्ली होती. तू शिकलेली हायस, तुहं ऐकते तो."

मी हो म्हणाले. खरं सांगते, मला ती मागणी क्षुल्लक वाटली. घागरच ना, भरू. माझ्या डोक्यात लेखाची शेवटची प्रत घोळत होती, ती त्याच आठवड्यात पाठवायची होती.

पुढे तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, बोलायलाही त्रास होऊ लागला. एकदा म्हणाली, करमत नाही, त्या चिठ्ठ्या घेऊन ये. मी आनंदाने घेऊन गेले. तिने चादरीवर त्या पसरल्या, फॉल लावताना साडी पसरायची तशा, हाताने सारख्या केल्या आणि मान वर केली.

"चौथी कुठी हाय?"

"ती फुटकी होती बाई. तिचा उपयोग नाही."

"फुटकी होती म्हणून काय झालं? तुटला धागाच तं पाहा लागते." थोडा दम घेऊन तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. "मंग? भेटली का तिले जागा?"

मला वाटलं, बारा वर्षांनी हिला एकदाचं उत्तर देता येतंय. मी माझा सिद्धांत तिला नीट समजावून सांगितला, वर्गात सांगावा तसा. एकदा दिलेली मुलगी कुठल्याच घरची नसते. तिला जागा नाही.

बाई म्हणाली, "बरं."

तिने तिन्ही चिठ्ठ्या गोळा केल्या, माझ्या हातात दिल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, थकली. मी खाली जाऊन चहा प्यायले. त्यानंतर ती अकरा दिवस जगली आणि त्या पोरीबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही. घागरीबद्दलही नाही. एका मेलेल्या भाषेतला शब्द मला बाजूच्या शब्दांवरून कळत होता, आणि समोरची जिवंत बहीण कशाबद्दल विचारते आहे ते कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भावाने तिचं सगळं व्यवस्थित केलं. त्याला नावं ठेवणार नाही. अस्थी तो स्वतः रामटेकला घेऊन गेला, अंबाळ्याच्या तलावात उतरला, तेरवीला गल्ली जेवू घातली. पहिली अक्षय तृतीया आली तेव्हा वर्ष व्हायचं होतं, म्हणून घागरीचा प्रश्नच नव्हता. मधल्या काळात माझा लेख छापून आला. त्यावरून एका मराठी वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीसाठी सोपा लेख मागितला. मी तोही लिहिला, आणि चांगला लिहिला. भावाने त्याचं कात्रण लॅमिनेट करून आपल्या दुकानात पैशाच्या गल्ल्यामागे लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, ही माझी बहीण.

दुसऱ्या अक्षय तृतीयेला मी सकाळीच त्याच्याकडे गेले. पत्रावळीवर पाच घागरी मांडल्या होत्या. मी मोजल्या. आजोबा, आजी, बाबा, आई आणि काका. मी म्हणाले, बाईची राहिली.

भाऊ खाली बघून अक्षता निवडत राहिला. मग म्हणाला, "ताई, मले तिची माया नाई काय वं? अस्थी नेल्या, तेरवी केली, कोनत्याच गोष्टीत कमी नाई केली. पन घागर कुळाची राह्यते. तिले उमरेडले देल्ली होती. देल्ली पोर परत कुळात कशी येईन?"

"कुणी सांगितलं तुला?"

"म्हंजे? तूच तं लिहिलं ना पेपरात. म्या पंडितजीले बी वाचून दाखवलं. ते म्हणे, तुमच्या ताई बरोबर लिहून राहिल्या, सगळ्या जगात हाच नियम हाय." माझा चेहरा पाहून त्याला वाईट वाटलं असावं. माझी समजूत काढायला तो म्हणाला, "तुही घागर भरू ना आम्ही. तुहं तं लग्नच नाई झालं."

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. प्राचार्यांशी भांडले, विद्यापीठाशी भांडले, रिक्षावाल्यांशी तर रोजच भांडले. त्या सकाळी भावाशी भांडले नाही. त्याला काय सांगणार होते? की पेपरातलं खोटं आहे? मग विचारेल, काहून लिहिलं? वहिनीने ताट वाढलं, मी दोन घास खाल्ले आणि उठले.

घरी येऊन खण उघडला. चौथी चिठ्ठी विजेच्या बिलांखाली सापडली. मागे कुणाच्यातरी लग्नाचा गणपती छापलेला, आणि पुढे माझ्या अक्षरात तो एक शब्द, त्याच्या खाली पेन्सिलीने मीच लिहिलेलं, आत, ओट्याच्या वर. त्या टिपणाशेजारी दोऱ्याचा लाल तुकडा टाचलेला होता. मी तो टाचलेला नव्हता, आणि चिठ्ठी घाईने काढताना पाहिलाही नव्हता. आमच्या घरात चुकीची जागा दाखवायला काळा दोरा आणि बरोबर जागा सापडली की लाल, अशी बाईची मागावरची सवय होती. मी टिपण करताना तिला फोटो दाखवून सांगितलं होतं की हा असा ओटा असतो आणि त्यावर माणूस निजवतात. तेवढ्यावर तिने स्वतःचं ठरवून टाकलं होतं, माझ्या कितीतरी आधी. दवाखान्यात ती मला विचारत नव्हती. मी बरोबर जागी पोचले का, तेवढं बघत होती.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. बाई गेली तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा मला कामं होती.

मासिकाला मी पुढे पत्र लिहिलं की माझा निष्कर्ष चुकीचा आहे आणि चौथा मजकूर मी जाणूनबुजून वगळला होता. उत्तर आलं की पुढच्या अंकात टीप छापू. वरातीमागून घोडं. वर्तमानपत्रालाही लिहिलं, त्यांनी काही कळवलं नाही. भावाच्या गल्ल्यामागचं कात्रण अजून तिथेच आहे. मी त्याला ते काढायला सांगितलं तर म्हणाला, असू दे वं, चांगलं दिसते.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दुपारी मी चौकात गेले. कुंभारणीपाशी शेवटच्या दोन-तीन घागरी उरल्या होत्या, त्यातली एक आणली. पत्रावळ नव्हती, स्टीलच्या ताटात ठेवली. सुतळीखाली, जिथे बसून बाई फॉल लावायची तिथे. चौथी चिठ्ठी चिमट्याने परत तिच्या जागी लावली. मग बाईचं नाव घेतलं, तिचं पाळण्यातलं नाव, जे घेणारं घरात आता कुणी नव्हतं, आणि घागर भरली.

थोड्या वेळाने ताटात पाणी दिसू लागलं. नवी घागर दोन दिवस भिजवल्याशिवाय पाणी धरत नाही. हे काम बाईचं होतं, मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. ताट भरलं, फरशी ओली झाली, घागर अर्ध्यावर आली. मी पुन्हा भरली. ती पुन्हा झिरपली. संध्याकाळपर्यंत मी भरत राहिले.

कॉलेजात लागल्यावर मी आमची बोली तोंडातून काढून टाकली होती, बाईशीसुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलायचे. त्या ओल्या फरशीवर बसून ती बोली आपोआप तोंडात आली.

"होती वं बाई. तिले जागा होती. मले माहीत होतं."